निघताना लेकरांना सांगून निघा

 

दसरा तोंडावर आला आहे. आपल्या बीड जिल्ह्यात आता घरोघरी एकच बोलणं. मुकादमाची उचल किती घेतली, कारखाना कुठला, गाडी कधी भरायची. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाणार, कोणी सोलापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. कोयते, भांडी, पीठ-मीठ, कोपीवर टाकायला ताडपत्री, सगळ्याची तयारी होते. लेकरांचंही ठरतं. अंगावरचं बरोबर न्यायचं, शाळेतली आजीजवळ ठेवायची. पण हे त्या लेकरांना कोण सांगतं?

आमच्या बचत गटातल्या निम्म्या जणी तोडीला जातात, निम्म्या गावात राहतात. बैठकीत आम्ही हजेरी घेतो, बचत गोळा करतो, कर्जाचे हप्ते लिहितो. त्यात आम्ही एक गोष्ट वाढवली. हिशेब झाला की विचारायचं, घरात कोणाच्या मनाला काही लागलंय का? सांगायची सक्ती नाही, आणि तिथं बोललेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. त्या बोलण्यातून जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट निघण्याची. पहाटे गाडी येते आणि लेकरू झोपेत असताना आई-बाप निघतात. त्यात माया असते. रडताना बघवणार नाही म्हणूनच जातात. पण लेकरू उठतं तर आई नाही. मग ते झोपायलाच भितं. आजी शेजारी गेली तरी पदर सोडत नाही. आपण झोपलो की माणसं निघून जातात, हे त्याच्या मनात बसतं. म्हणून आमचं म्हणणं आहे, आठ दिवस आधी सांगा. कुठं जाणार, का जाणार, तू कोणाजवळ राहणार, जेवायला कोण देणार. ते रडेल. रडू द्या, जवळ घ्या. सांगून गेलेल्या आईवर लेकरू रागावतं, पण तिच्यावरचा विश्वास राहतो.

दुसरी गोष्ट, खोटा वायदा नको. "लवकर येते" म्हणजे लेकराला उद्या-परवा वाटतं. महिने त्याला मोजता येत नाहीत, सण कळतात. दिवाळी होईल, संक्रांत होईल, शिमगा होईल, मग पट्टा पडला की आम्ही येऊ, असं सांगा. तारीख देऊ नका, कारण पट्टा कधी पडेल ते उसावर आणि कारखान्यावर आहे. आमच्यातल्या एका आजीने नातवाला रिकामी बरणी दिली. दर रविवारी एक चिंचोका त्यात टाकायचा. भरलेल्या बरणीतून काढायचा नाही हं. काढत गेलं की बरणी रिकामी होते, आई मात्र आलेली नसते. टाकत गेलं की एवढे दिवस आपण काढले, हे लेकराला डोळ्यांनी दिसतं.

तिसरी गोष्ट फोनची. फडात पहाटे कोयता सुरू होतो, गाडी रात्री-बेरात्री भरावी लागते, कोपीत चार्जिंगची सोय नसते. रोज फोन होत नाही. मग आठवड्यातला एक वार धरा आणि तो पाळा. न जमलं तर टोळीतल्या कोणाच्या तरी फोनवरून निरोप द्या. बोलताना "अभ्यास केला का, आजीला त्रास देतोस का" एवढंच नको. आज काय खाल्लं, कोणाशी खेळलास, शेळी व्याली का, हेही विचारा.

आता आजी-आजोबांनो, तुमच्यासाठी. लेकरू रडलं की आपण पटकन म्हणतो, "रडलास तर आई यायचीच नाही." ते लेकराला खरं वाटतं. त्यापेक्षा म्हणा, "आठवण येते ना? मलाही येते." एवढ्यानं पुष्कळ हलकं होतं. सहा-सात वर्षांचं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखायला लागलं, तर मारू नका, हसू नका. डॉक्टरला दाखवा, आणि पोटात काही नसेल तर मनात काय आहे ते विचारा. शाळेतल्या बाईंच्या, गुरुजींच्या कानावर घाला. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह आहे का, तेही विचारून ठेवा.

थोरल्या लेकीबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे. निघताना तिला सांगतात, "आता तूच यांची आई." बारा वर्षांची पोर चूल, पाणी, धाकटी भावंडं सगळं ओढते, आणि शहाणी म्हणून तिचं कौतुक होतं. शहाणी पोर बोलत नाही, म्हणून तिला काही होत नाही असं नसतं. तिची शाळा सुटते. मग मागं ठेवायची भीती वाटते म्हणून लग्न उरकलं जातं. तिला भावंडांची ताईच राहू द्या. तिच्या काळजीला गावात राहणाऱ्या दोन बाया नेमा. आमच्या गटात जाणारी प्रत्येक जण निघण्याआधी दोघींची नावं सांगते. त्या आठवड्यातून एकदा तिच्या घरी डोकावतात, लेकीजवळ बसतात.

आणि जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या मनाचं काय? दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि रात्री लेकराचा चेहरा आठवायचा. बाप तर बोलतच नाही. कोणी चिडतो, कोणी बाटली जवळ करतो. कोपीवर दोघं एकमेकांशी बोला. परत आल्यावर लेकरू आजीमागं लपलं तर "मला विसरलं" असं मनाला लावून घेऊ नका. ते रुसलेलं असतं. ओढून घेऊ नका, शेजारी बसा, चार दिवसांनी आपोआप मांडीवर येईल.

बोलून उचल फिटत नाही, हे आम्हाला माहीत आहे. गावात काम, शेताला पाणी आणि तोडीला रास्त भाव मिळेपर्यंत गाड्या भरतच राहणार. पण तोवर लेकराचं मन थांबत नाही, ते रोज वाढतं.

कोणाची झोप, जेवण दोन-तीन आठवडे तुटलं, जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. लेकराला कोणी त्रास देत असेल, लग्नाची घाई चालली असेल, तर १०९८ लावा. दोन्ही क्रमांक चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

गाडी भरायला अजून थोडे दिवस आहेत. आज रात्री जेवणं झाली की लेकराला जवळ घ्या आणि सांगायला सुरुवात करा.