रोगांच्या नोंदी आणि एकच काटा

गळिताच्या दिवसांत कसबा बावड्याच्या राजाराम साखर कारखान्यांत येणारा ऊस प्रथम काट्यावर चढतो. शेतकरी निरनिराळ्या गांवचे, परंतु काटा एक. म्हणूनच साऱ्यांचा हिशेब एका वहींत मांडतां येतो. प्रत्येक गांवानें आपापल्या मापानें मोजणी केली असती, तर तंट्याखेरीज कांहीं निष्पन्न झालें नसतें. रोगांचें संशोधन करणाऱ्या संस्थांपुढें आज हाच प्रश्न उभा आहे.

कोरोनाच्या विषाणूची आनुवंशिक संहिता सुमारें तीस हजार अक्षरांची, तर मनुष्याची तीनशें कोटींची. विषाणूच्या संहितेंत एखादें अक्षर बदललेलें आढळलें, तरी तो बदल योगायोगाचा कीं झपाट्यानें पसरणाऱ्या नव्या प्रकाराचा, हें एका नमुन्यावरून ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं अनेक ठिकाणचे नमुने तारीखवार शेजारीं ठेवावे लागतात, आणि तें काम एकट्या प्रयोगशाळेच्या आवांक्यांतलें नव्हे.

म्हणून डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ स्थापन केला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र हीं त्यांतलींच. महाराष्ट्रांतील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र आढळण्याचें प्रमाण वाढत आहे, हें २४ मार्च २०२१ रोजीं जाहीर झालें तें या संघाच्या कामावरूनच. त्या कुळांतील एका शाखेला पुढें ३१ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ‘डेल्टा’ हें नांव दिलें.

परंतु त्या कुळाचे आरंभींचे नमुने ऑक्टोबर २०२० मधले होते. मधले पांच महिने हातचे गेले! बाधितांपैकीं शेंकडा पांच नमुने तपासण्याचा संकल्प होता. मार्चच्या त्या दिवसापर्यंत राज्यांकडून आलेले नमुने होते अवघे १०,७८७. यंत्रांना दोष देणें सोपें आहे. पण नमुना वेळेवर निघालाच नाहीं, किंवा त्यासोबत तारीख, गांव, वय व लक्षणें लिहिलेलीं नसलीं, तर उत्तम यंत्रही काय करणार? शेतकऱ्याचें नांव नसलेली गाडी काट्यावर आली, तर वजन कळेल, पण तें कोणाच्या खातीं घालावयाचें? जुलै २०२१ पर्यंत संघांत अठ्ठावीस प्रयोगशाळा झाल्या, हें योग्यच झालें. मात्र खालचा कारकून व परिचारिका यांच्या लेखणीवर सारी इमारत उभी असते, याचा विसर मोठ्या संस्थांना फार लवकर पडतो.

नोंदी एकत्र ठेवण्यासाठीं फरीदाबाद येथें २०२२ मध्यें भारतीय जैविक विदा केंद्राचें उद्घाटन झालें. वीस संस्थांनीं मिळून केलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पांतील सुमारें दहा हजार व्यक्तींच्या संहिता तेथेंच ठेवल्या असून, जानेवारी २०२५ पासून त्या संशोधकांना खुल्या झाल्या. तथापि रीतसर अर्ज केल्यावांचून त्या हातीं पडत नाहींत. कित्येक संशोधकांना हा अडसर जाचक वाटतो. प्रथम नांव कोणाचें छापावें, यावरून विद्वानांत होणारी कुरबूर तर निराळीच! परंतु संहितेवरून मनुष्याचें कूळ व संभाव्य व्याधी कळूं शकतात, आणि नांव खोडलें तरी ओळख पुरती पुसली जात नाहीं. बावड्यांतल्या एखाद्या रुग्णालयांत रक्त देणाऱ्या वृद्धेपुढें संमतिपत्र येतें, तेव्हां आपलें रक्त कोठें जाणार, त्याच्या नोंदी कोण वाचणार, हें तिला तिच्या भाषेंत कोणीतरी समजावून सांगितलें पाहिजे; आणि तेवढा वेळ त्या गर्दींत काढला पाहिजे.