निकालाआधी एक तास



जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन सांस्कृतिक विभागांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या उपक्रमांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. अहवाल छापून आपल्या हाती आलाच आहे, तो सवडीने वाचावा. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती फार वर्षं मनात साठली आहे. आपण मुलांना रंगमंच दिला, पण त्यावरून उतरल्यावर बोलायची जागा ठेवली नाही.

युवा महोत्सवाची आपली रीत बघा. प्रहसनाला 10 मिनिटं, एकांकिकेला 30. वेळ भरली की घंटा, मग परीक्षकांचे गुण, ढाल आणि रात्री परतीची बस. मुलं हुंड्यावर, जातीवर, बेकारीवर नाटक करतात आणि समोरच्या शेकडो मुलांपैकी एकालाही ‘हे मला पटलं नाही’ म्हणायची सोय नसते. वादविवाद स्पर्धेत तर बाजूसुद्धा नेमून दिलेली! जे मत आपलं नाही ते मुलगा तावातावाने मांडतो, चषक घेतो आणि घरी जातो.

नाटकात सामाजिक विषय हवेत की निखळ करमणूक, हा वाद काल जेवतानाही रंगला. माझं उत्तर मी एका तालमीत ऐकलं आहे. आमच्या मुलांनी शेतकरी आत्महत्येवर एकांकिका बसवली होती. 2006 च्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे होते त्यांत आपला वर्धाही होता. विषय काही परका नव्हता. शेवटी झाडाला गळफास, लाल प्रकाश, मागे बासरी. झाडलोट करणाऱ्या एक बाई खराटा धरून दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या. ‘‘पोट्टेहो, आमच्याइकडं मानूस दोर नाही शोधत. फवाऱ्याचं औषध घरातच रायते, थेच पेते. अन् तो गेल्यावर सातबारा बाईच्या नावावर चढता चढत नाही, थे तं तुमी दाखवलंच नाही!’’

तालीम थांबली. वारसनोंद, फेरफार, दिराचा हिस्सा, बिनपरवाना सावकाराचं कर्ज असलं की मदतीचं प्रकरण ‘अपात्र’ कसं ठरतं, यावर मुलं त्या बाईंशी अंधार पडेपर्यंत भांडली. दोन मुलांनी आपल्याच घरचं सांगितलं. शेवट बदलला : तलाठ्याच्या दारात उभी विधवा, हातात पिशवीतले कागद. त्या प्रवेशाने वेळ वाढली आणि स्पर्धेत गुण कापले गेले. करमणूक की समाज, हा प्रश्न माझ्यापुरता त्या संध्याकाळी निकालात निघाला. गुण कापल्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आणि चर्चेला जागाच नाही, हे वर्ध्यात व्हावं! ऑक्टोबर 1937 मध्ये इथेच शिक्षण परिषद भरली. शाळेने मुलांच्या हस्तोद्योगातून आपला खर्च भागवावा, या गांधीजींच्या कल्पनेवर झाकीर हुसेन यांनी त्यांच्यासमोरच हरकत घेतली. पुढे या शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचं अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडेच आलं. आज आपल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना एक आडवा प्रश्न विचारला, तर त्या मुलाला पुढच्या वर्षी सूत्रसंचालन मिळत नाही.

वादाला जागा मिळाली की काय होतं, तेही इथेच दिसलं. फेब्रुवारी 2023 मध्ये नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली 96 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, त्याच दिवसांत चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही. एका गावात दोन मांडव ही फूट आहे, असं आपल्यातलेच काही म्हणाले. मी मुलांना सकाळी एका मांडवात, दुपारी दुसऱ्यात पाहिलं आणि संध्याकाळी टपरीवर चहा थंड होईतो हमरीतुमरीवर आलेलं ऐकलं. साहित्य कोणाचं, हा त्यांचा वाद होता. असा वाद वर्गात मला कधी पेटवता आला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक कामाला श्रेयांक आहेत. ते नाचणाऱ्याला मिळतील, गाणाऱ्याला मिळतील. उठून प्रश्न विचारणाऱ्याला कोण देणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सादरीकरणानंतर, निकाल जाहीर होण्याआधी, एक तास खुली चर्चा. परीक्षकांनीही तिथे बसून ऐकावं. गावकऱ्यांना, मेसच्या बायांना आत येऊ द्यावं. निदान तालुका पातळीवर सुरुवात करू. नियम कोणी लिहायचे, वेळ कुठून काढायचा, ते पुढे ठरवता येईल. वेळापत्रक कोलमडेल म्हणणारे सहकारी इथे बसलेले आहेत, त्यांची नावंही मला ठाऊक आहेत. दुपारच्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. त्यांनी उभं राहून विरोध करावा, मी उत्तर देईन.