मी जोडलेली बॅटरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या कार्यक्रमात मी फराळाच्या टेबलामागे असते. आज तुम्ही मला माईकपुढे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव मी आणत नाही. घरी बॅटरी कशी जोडली, तेवढे सांगते.

12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार तुम्हाला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे मार्गावरच्या उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. आमचे मामंजी तेव्हापासूनच प्राणवायूच्या यंत्रावर आहेत. ते यंत्र घरातल्या हवेतूनच प्राणवायू वेगळा काढते, पण विजेवर. वीज गेली की ओरडते आणि गप्प होते. अडीनडीला ठेवलेला सिलिंडर होता, तोही अर्धाच. सासूबाई जप करीत होत्या आणि मी सिलिंडरचा काटा बघत होते. वीज आली तेव्हा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

डोंबिवलीला माझ्या माहेरी भारनियमनाच्या काळापासून इन्व्हर्टर आहे. त्याच्या शिशाच्या बॅटरीत आई आठवणीने डिस्टिल्ड वॉटर घाली. मला तेवढीच माहिती. आमच्या चिरंजीवांनी मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलांचा संच मागवला, आणि खोके आले त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला नोकरी लागली. खोके तीन महिने सोफ्यामागे पडून होते. यजमान सकाळी गाडी गाठतात ते रात्री येतात. मग म्हटले, आपणच उघडू.

आधी हिशेब केला. एक सेल 3.2 व्होल्टचा, असे चार एकापुढे एक जोडले की 12.8. क्षमता 100 अँपिअर-तास. गुणाकार केला की 1,280, म्हणजे सव्वा युनिटाहून थोडी जास्त वीज. मामंजींचे यंत्र 350 वॅटचे. भागाकार साडेतीन तासांवर येतो; पण इन्व्हर्टर स्वतःही थोडे खातो आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून मी तीनच तास धरले. मुलगा चार म्हणाला होता. दुखणे घरात असले की हिशेब हात राखूनच करावा.

चारही सेल आधी एका पातळीवर आणावे लागतात. हंडे खालून नळीने जोडले की पाणी सगळ्यांत सारखे होते ना, तसेच. धनाला धन, ऋणाला ऋण जोडून 3.65 व्होल्टपर्यंत भरत ठेवले. त्यात एक दिवस आणि जवळजवळ एक रात्र गेली.

बारा व्होल्टांचा धक्का बसत नाही, म्हणून धीट होऊ नका. दोन टोकांवर धातू आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि तो धातू क्षणात तापून लाल होतो. म्हणून पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली, बांगड्या, अंगठी काढली. मंगळसूत्राला हात घातला तशा सासूबाई कडाडल्या, “घरात दुखणे, आणि सौभाग्याचे लेणे उतरवतेस?” मी वाकून दाखवले, पोत बरोबर सेलांवर लोंबत होती. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला. काम संपेपर्यंत पोत त्यांच्या मुठीत होती.

सेलांमध्ये इन्सुलेशनचे पातळ तक्ते घातले, पट्ट्या बसवल्या, मल्टिमीटर लावला. तेरापेक्षा जास्त दिसायला हवे होते. दिसले साडेसहा आणि वर थोडे. मला घाम फुटला. एक सेल उलटा बसला होता. तिघांनी दिलेल्यातून त्याने आपला वाटा उणे केला होता! तसाच पुढे गेले असते तर सेलांवर देखरेख ठेवणारे सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते पहिल्या झटक्यात जळाले असते. सगळे सोडवून पुन्हा बसवले. बीएमएसच्या बारीक तारा क्रमाने लावताना मी फोनही बंद ठेवला होता. धन टोकाजवळच फ्यूज घातला.

घरच्या 230 व्होल्टांना मात्र मी हात लावला नाही. ते परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. इन्व्हर्टर लिथियमची निवड असलेला नवीन घ्यावा लागला. जुन्याचे चार्जिंग या सेलांना चालण्यासारखे नव्हते. तो खर्च चिरंजीवांनी धरलाच नव्हता.

चाचणीला मामंजींना सिलिंडरवर ठेवून यंत्र नुसतेच चालवले. तीन तास दहा मिनिटे चालले. मागल्या पावसाळ्यात एकदा रात्री सव्वादोनला वीज गेली, ती चारला आली. मामंजींना कळलेही नाही. सासूबाई जाग्या होत्या, सकाळी म्हणाल्या, “तुझा डबा बोलला नाही गं रात्री.”

सिलिंडर अजूनही भरून कोपऱ्यात ठेवते. दर एकादशीला व्होल्ट मोजून कॅलेंडरवर लिहिते. कोणाला बघायचे असेल तर दुपारी तीननंतर या, मामंजी तेव्हा उठलेले असतात.