सोबतीण गेली, सामान राहिलं

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आज आमच्यावरच गुदरलेला एक प्रसंग सांगणार आहोत. त्यात आमची चूक होता होता राहिली, म्हणून तो मुद्दाम सांगतोय.

आमच्या गटातल्या एका ताईंचं तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं घर आहे. नवरा वारला, मुलगी सासरी गेली. एकटं घर खायला उठतं, म्हणून ताईंनी एक सोबतीण ठेवली. कापडाच्या दुकानात कामाला जाणारी तिशीतली बाई. महिना बाराशे रुपये, स्वयंपाकघर दोघींत एकच. कागद काही केला नाही. "बाईमाणसाशी कसला कागद करायचा?" असं ताई म्हणाल्या आणि आम्हीही माना डोलावल्या.

सहा-सात महिने गुण्यागोविंदानं गेले. दिवाळीत ती भाऊबीजेला म्हणून गावी गेली, ती परतलीच नाही. फोन बंद. दुकानातही कुणाला ठाऊक नाही. संक्रांत आली तरी पत्ता नाही. आतल्या खोलीत तिची कुलूप लावलेली ट्रंक, शिलाई मशीन, गादी, भांडी आणि एक पत्र्याचा डबा तसाच. दोन महिन्यांचे चोवीसशे थकले. त्यातूनच ताई गटाचा हप्ता भरत होत्या, तोही चुकला. त्यात मुलगी होळीच्या आसपास बाळंतपणाला यायची होती. बाळंतिणीला खोली तर हवीच.

गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि आम्ही सगळ्याच तापलो. कुणी म्हणालं, सामान अंगणात काढा. कुणी म्हणालं, मशीन विका आणि थकबाकी वळती करून घ्या. खोटं कशाला बोलायचं, आम्ही चौघी हातोडा घेऊन ट्रंकेचं कुलूप तोडायला निघालोसुद्धा होतो. वाटेत तालुका विधी सेवा समितीचं काम करणाऱ्या स्वयंसेविका भेटल्या. हातोडा बघून त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?" ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज तुमची बाजू खरी आहे. कुलूप तोडलंत की तुम्हीच आरोपी व्हाल."

त्यांनी काय समजावलं, ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं होत नाही. आपण तिला राहू दिलं, पैसे घेतले, म्हणजे परवानगी दिलीच. ती तोंडी असली तरी परवानगीच. असं दुसऱ्याच्या घरात परवानगीनं राहणाऱ्याबद्दल १८८२ चा सुखाधिकार कायदा सांगतो की परवानगी काढून घेतली, तरी जायला आणि आपलं सामान न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो. आणि कुणी वेगळी खोली महिन्याच्या भाड्यानं घेऊन राहत असेल, तर साधारणपणे निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

दुसरी गोष्ट, ताब्यात असलेल्या माणसाला कोर्टाच्या वाटेनं न जाता बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. म्हणून खोलीला तिचं कुलूप असेल तर त्याला हात लावायचा नाही. वीज-पाणी तोडून कुणाला हुसकून लावणं हाही मार्ग नाही.

तिसरी गोष्ट सामानाची. मागे राहिलेलं सामान आपलं होत नाही. स्वतःची वस्तू जपतो तशी ती जपावी लागते. ती विकून पैसे ठेवून घेतले, तर लबाडीनं मालमत्ता हडपल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. थकलेलं भाडं हा वेगळा हिशोब. तो मागायचा, पण मशीन विकून वसूल करायचा नाही.

मग आम्ही काय केलं? हातोडा घरी ठेवला आणि वही उघडली.

आधी तारखा लिहिल्या. ती कधी आली, कधी गेली, पैसे कधी दिले, आपण फोन कधी केले. मग दुकानातून तिच्या गावचा पत्ता मिळवला. ताईंच्या नावानं साध्या मराठीत पत्र लिहिलं. मजकूर असा होता: "तुम्ही अमुक तारखेपासून आला नाहीत. तुमचं सामान माझ्याकडे सुखरूप आहे. आता मला खोलीची गरज आहे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत येऊन सामान न्या. इतके पैसे बाकी आहेत. येण्याआधी या नंबरवर कळवा." पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती जपून ठेवली. त्याचाच फोटो तिच्या मोबाईलवरही पाठवला. पत्रात शिवी नाही, धमकी नाही. असं पत्र उद्या कोर्टात वाचलं गेलं, तरी आपल्याला मान खाली घालावी लागत नाही.

त्यानंतर सामानाची यादी केली. शेजारच्या दोघी आणि गटाच्या अध्यक्षा साक्षीला होत्या. एकेक वस्तू लिहिली, फोटो काढले. ट्रंक आणि डबा उघडला नाही. "ट्रंक, कुलूपबंद, उघडली नाही. डबा, बंद, उघडला नाही," असंच लिहिलं. दोन्हींवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. यादीसह एक अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतला. तक्रार म्हणून दिला नाही, माहिती म्हणून दिला. सामान होतं तिथेच, पण एका कोपऱ्यात झाकून ठेवलं.

चोविसाव्या दिवशी ती आली, भावाला घेऊन. ओळखू येईना इतकी वाळलेली. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी आईला अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात फोन हरवला, नंबर कुणाचा पाठ नाही. आमचं पत्र मिळालं तेव्हा, ती म्हणाली, "मला वाटलं, माझं सामान कधीच रस्त्यावर गेलं असेल."

सामान मोजताना भाऊ जरा चढ्या आवाजात म्हणाला, "डब्यात पैसे होते, ते आहेत का?" आमच्या पोटात गोळाच आला. पण डब्यावरची पट्टी शाबूत होती. तिनं स्वतःच्या हातानं ती फाडली. ज्वारीच्या पिठात पुडी होती, तीन हजार रुपयांची. ट्रंकेत तिची दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि आईच्या दोन गोधड्या. मैत्रिणींनो, आम्ही हेच फोडायला निघालो होतो. त्या दिवशी डबा आम्ही उघडला असता, तर "पैसे आम्ही घेतले नाहीत" हे कुणाला पटवलं असतं?

तिनं बाराशे तिथंच दिले. उरलेले बाराशे अजून आलेले नाहीत. आईच्या औषधपाण्यात ती अडकली आहे. ताईंनी तगादा सोडलाय. तिनं लिहून दिलं: "माझं सगळं सामान मिळालं. आजपासून खोलीवर माझा काही हक्क नाही." तारीख, सही, दोन साक्षीदार. हा कागद विसरू नका. ताईंची मुलगी वेळेवर आली आणि आता त्या खोलीत पाळणा हलतोय.

ती आलीच नसती तर? मग वकिलाची नोटीस आणि दिवाणी कोर्ट. पण घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोनवर सल्ला हवा असेल तर १५१०० हा नंबर आहे. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच मान असतो.

एक इशारा द्यायलाच हवा. आजचं हे सगळं सोबतिणीबद्दल आहे. सून, पत्नी यांना घराबाहेर काढायला ही वाट नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. सासूबाईंनी हे भाषण ऐकून सुनेचं सामान मोजायला घेऊ नये, बरं का!

आणि आता पुढचं. घरात कुणालाही ठेवताना आधी कागद करा. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ज्या गावांना लागू आहे, तिथं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची. करार नसला आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी धरलं जातं. करारात गावचा पत्ता आणि घरच्या माणसाचा नंबर घ्या. न कळवता किती दिवस गैरहजर राहिलं तर काय करायचं आणि सामान किती दिवस सांभाळायचं, तेही लिहा.

कागद म्हणजे अविश्वास, असं आम्हालाही वाटायचं. पण त्या दिवशी ताईंची अब्रू वाचवली ती कागदाच्या एका पट्टीनं, आणि त्या बाईचे तीन हजारही तिनंच राखले.

तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. नमस्कार!