मावळच्या वाटांसाठीं सायकल

पुण्याला सायकलींचें शहर म्हणत असत, त्या दिवसांत सायकल घेणें ही फारशी विचाराची बाब नव्हती. काळा रंग, दणकट चिमटा, मागें कॅरिअर आणि पुढें दिवा असला म्हणजे काम भागे. तीच सायकल विद्यार्थी चालवी, तीच कारकून चालवी आणि दोन्ही बाजूंस किटल्या लावून दूधवालाही तीच चालवी. आज घरांतील मुलानें किंवा मुलीनें राजमाचीच्या वाटेनें जाण्यासाठीं सायकल मागितली, कीं वडीलमंडळी दुकानांत जातात आणि आंकड्यांच्या भडिमारानें गोंधळून परत येतात. १२० कीं १६०? २७.५ कीं २९? शॉक हवेचा कीं स्प्रिंगचा? शिवाय किंमत लाखांच्या भाषेंत सांगितली जाते. एवढी रक्कम मोजावयाची, आणि ज्या यंत्राच्या भरंवशावर आपलें मूल डोंगराचा उतार उतरणार तें यंत्र निवडावयाचें, म्हणजे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाहीं. म्हणूनच त्याचा थोडा खोलांत जाऊन विचार करावा असें मला वाटतें.

ज्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यांत धक्के शोषण्याची सोय असते, आणि जिचें मागचें चाकही एका सांध्यावर वरखालीं हलून आपला धक्का स्वतंत्र शॉकवर सोंपवितें, तिला फुल सस्पेन्शन सायकल म्हणतात. मागचा भाग ताठ असेल तर ती हार्डटेल. सस्पेन्शन म्हणजे बसणाऱ्यासाठीं केलेली गादी, असा बहुतेकांचा समज असतो. त्यानें सुख मिळतें हें खरें. परंतु तें दुय्यम होय. सस्पेन्शनचें मुख्य काम चाक जमिनीला धरून ठेवण्याचें आहे. ताठ सायकलीचें चाक दगडावर आपटलें कीं उडतें, आणि जितका वेळ तें हवेंत असतें तितका वेळ त्याला ब्रेकही लागत नाहीं आणि वळणही घेतां येत नाहीं. सस्पेन्शनचें चाक दगडावर चढतांना वर सरकतें आणि तत्काळ खालीं येऊन पुन्हां जमीन पकडतें. यासाठीं दोन गोष्टी लागतात. एक, धक्का झेलणारी स्प्रिंग, मग ती पोलादाची असो वा कोंडलेल्या हवेची असो. आणि दुसरी, त्या स्प्रिंगची उसळी आवरणारें तेल. बारीक छिद्रांतून तेलाला हळूहळू सरकावें लागतें, म्हणून दाबलेली स्प्रिंग एकदम उसळत नाहीं.

एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे बाजारांतील एका फसव्या वस्तूपासून बचाव होतो. दहा-पंधरा हजार रुपयांच्या कांहीं सायकलींच्या पोटांत एक जाडजूड रंगीत स्प्रिंग बसविलेली असते. मुलांना ती मोटारसायकलीसारखी दिसते आणि आईबापांना स्वस्त वाटते. पण बहुधा या स्प्रिंगेच्या जोडीला तेल नसतें. ती दबते आणि तितक्याच जोरानें स्वाराला उडविते. चढावर प्रत्येक पायडलागणिक सायकल बसकण मारते, आणि पायांतला अर्धा जोर तिथेंच जिरतो. तेवढ्याच पैशांत मागें ताठ असलेली चांगली सायकल येते, आणि ती दसपट बरी.

खऱ्या फुल सस्पेन्शन सायकलींत पहिली निवड ‘चाले’ची. चाक जास्तींत जास्त किती वरखालीं सरकतें तें अंतर म्हणजे चाल. ती मिलिमीटरांत सांगतात. १०० ते १२० मिलिमीटर चालीच्या सायकली शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या. १२० ते १५० च्या सर्व प्रकारच्या डोंगरवाटांच्या. १५० ते १८० च्या बिकट उतारांच्या. आणि २०० च्या आसपासच्या केवळ खालीं येण्याच्या, ज्या वर नेण्यासाठीं पाळणा किंवा गाडी लागते. दुकानदार बहुधा अधिक चालीची सायकल पुढें करतो आणि गिऱ्हाइकालाही वाटतें, कीं चाल जितकी अधिक तितकी सायकल भारी. मावळापुरतें तरी हें खरें नाहीं.

मावळच्या वाटा एका जातीच्या नाहींत, आणि निवडीची खरी अडचण तेथेंच आहे. पुण्याहून निघावें तर द्रुतगति मार्गावर सायकलीला मज्जाव; जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानें कामशेतवरून डांबरावरूनच मळवलीपर्यंत यावें लागतें. भाजें गांव मागें टाकलें कीं गायमुख खिंडीचा चढ लागतो. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर, आणि मध्यें धापा टाकणारा आपण! खिंडीपलीकडे पवनेचें खोरें. तेथें तिकोना आणि तुंग यांच्या पायथ्याशीं भातखाचरांच्या कडेनें, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून, वाडीवस्तींतल्या मुरमाच्या रस्त्यांनीं वाट कधीं वर तर कधीं खालीं जाते. वैशाखांत हा मुरूम कोरडा पडला म्हणजे फरशीवर मोहऱ्या सांडाव्या तसा चाकाखालून निसटतो. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीच्या पायथ्याशीं असलेल्या उधेवाडीस जाणारी सुमारें १५ किलोमीटरांची वाट आणखी निराळी: सुटे दगडगोटे, झाडीची सावली, आणि पावसाळ्यांत वाटेवरूनच वाहणारे ओढे. नागफणीकडे कुरवंड्याचें पठार आहे. त्याच्या कडेला उभें राहिलें कीं खालीं एकदम कोंकण दिसतें.

या सगळ्यावर पाऊस! लोणावळ्यास वर्षाकांठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याचा पाऊस त्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. जी वाट मे महिन्यांत लोखंडासारखी कठीण असते, तीच जुलैंत शेवाळलेली आणि निसरडी होते.

सकाळीं निघून दुपारपर्यंत परतणारा स्वार या वाटांवर आपला बहुतेक वेळ चढांत आणि सपाटीवर घालवितो. खरोखर खडबडीत उतार लागतात ते लहान लहान, तुटक तुटक. १६० मिलिमीटर चालीची सायकल त्या उतारांवर बादशहासारखी वागेल यांत शंका नाहीं. परंतु तिचें वजन १५-१६ किलोंच्या घरांत, टायर जड, आणि पुढचा चिमटा इतका कललेला, कीं सावकाश चढतांना पुढचें चाक भरकटूं लागतें. ओढ्यांत किंवा दरडीवर ती खांद्यावर घ्यावी लागली म्हणजे तिच्या बादशाहीची किंमत कळते. १६६१ सालीं कारतलबखान मोठें सैन्य आणि अवजड सामान घेऊन याच कुरवंड्याच्या बाजूनें कोंकणांत उतरूं लागला, आणि उंबरखिंडींत शिवरायांच्या हातीं सांपडला. सह्याद्रींत जड सरंजामाची काय गत होते, तें त्या खानाला विचारावें.

म्हणून माझें मत असें, कीं मावळांत सर्व ऋतूंत आणि सर्व वाटांवर जाणाऱ्यानें मागें १२० ते १३० आणि पुढें १३० ते १४० मिलिमीटर चालीची सायकल घ्यावी. पुढच्या चिमट्याचा कोन ६५ ते ६६ अंशांचा असावा; हा आंकडा जितका लहान तितका चिमटा अधिक कललेला. चाकें २९ इंची घ्यावींत, कारण मोठें चाक दगडांमधल्या खाचेंत कमी अडकतें. फार ठेंगण्या स्वारालाच २७.५ इंची सोईचें पडतें. जो केवळ पवनेच्या खोऱ्यांतल्या कच्च्या रस्त्यांनीं फिरणार त्याला फुल सस्पेन्शन नकोच, त्याची हार्डटेल हलकी आणि बिनतक्रारीची. आणि ज्याला उड्या मारावयाच्या आहेत, दगडी पायऱ्यांसारख्या उतारांवरून वेगानें यावयाचें आहे, त्यानें १५० च्या वर जावें. पण तसा स्वार सल्ला विचारावयास येत नाहीं.

चालीवर वांचलेला पैसा ब्रेकवर खर्च करावा. या बाबतींत या सायकलींचा जन्मच बोलका आहे. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत कांहीं तरुणांनीं फुगीर टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पायडल उलट मारून मागच्या हबांत लागणारा ब्रेक असे. एका उतारांत तो इतका तापे, कीं हबांतलें ग्रीस जळून जाई आणि खालीं पोंचल्यावर हब पुन्हां भरावा लागे; त्यावरून त्या शर्यतीला नांवच ‘रीपॅक’ पडलें. त्या उद्योगांतून आजची डोंगरी सायकल निघाली आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकपर्यंत पोंचली. चढून गेलेल्या प्रत्येकाला उतरावें लागतेंच. तेव्हां तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक हवेतच, आणि जड स्वारासाठीं पुढची तबकडी २०३ मिलिमीटरांची असावी. पावसाळ्यांत चिखलाची बारीक वाळू मऊ पॅड पाहतां पाहतां खाऊन टाकते. त्या चार महिन्यांसाठीं धातुमिश्रित पॅड बसवावेत. ते थोडे कुरकुरतात, पण टिकतात.

मागच्या सस्पेन्शनच्या रचनेविषयीं दुकानांत फार पांडित्य ऐकावयास मिळतें. त्यांतला आपल्या उपयोगाचा भाग थोडा आहे. एकाच सांध्यावर हलणारी साधी रचना ब्रेक दाबला असतां कांहींशी आखडते. चार सांध्यांची रचना ब्रेक लागलेला असतांनाही बऱ्याच मोकळेपणानें हलत राहते. उलट जितके सांधे अधिक तितकीं बेअरिंगें अधिक, आणि लाल चिखल प्रत्येक बेअरिंगांत शिरावयाला टपलेला. पावसाळ्यांत नेमानें फिरणाऱ्यानें साध्या रचनेकडे कमीपणानें पाहूं नये. कोणतीही रचना असली, तरी मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानें सायकल धुवूं नये. तें पाणी सीलच्या आंत जाऊन ग्रीस बाहेर काढतें. बादली, फडकें आणि मऊ ब्रश पुरेत.

टायर २.४ इंचांच्या आसपास रुंद असावेत आणि शक्य तर ट्यूबशिवायचे. आंत ओतलेला चीक लहान छिद्रें आपोआप बुजवितो, आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्याला त्याचें मोल सांगावयास नको. हवेचा दाब मात्र कमी ठेवावा लागतो. सत्तर किलो वजनाच्या स्वाराला २२ ते २५ पौंड पुरते, मागें किंचित अधिक. चौकांतल्या पंक्चरवाल्यानें संवयीनें ४० पौंड भरली, तर सस्पेन्शनवर घातलेले पैसे टायरांतच वाया गेले असें समजावें, कारण टणक टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो.

शॉक हवेचा घ्यावा असें मी सुचवितों. तो स्प्रिंगेच्या शॉकपेक्षां हलका असतो आणि स्वाराच्या वजनाप्रमाणें एका लहान पंपानें त्याचा दाब बदलतां येतो. मोठ्या भावाची सायकल धाकट्या बहिणीला देतां येते. दाब ठरविण्याची रीत सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडें असतें. तें सीलपाशीं सरकवून नेहमींच्या कपड्यांनिशीं, पाठीवरच्या पिशवीसह, हलकेच सायकलवर बसावें आणि अलगद उतरावें. शॉकची एकूण सरक ५० मिलिमीटर असेल तर कडें सुमारें १५ मिलिमीटर हटलेलें असावें, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. कमी हटलें तर हवा थोडी सोडावी, अधिक हटलें तर भरावी. हें न करतां सायकल घरीं आणणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचावयास बसणें.

तेल बदलण्याचा हिशोबही घेण्यापूर्वींच करावा. चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलावें लागतें. दर रविवारीं चार तास फिरणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. पावसाळ्यांत त्याहूनही लौकर बदलावें हें उत्तम. हें काम प्रत्येक दुकानांत होत नाहीं. म्हणून ज्या कंपनीच्या शॉकची दुरुस्ती पुण्यांत होते, तीच सायकल घ्यावी. परदेशांत नांवाजलेली, पण जिचें सील येथें मिळत नाहीं, ती घेऊं नये.

घेण्यापूर्वीं दुकानासमोरच्या फरशीवर दोन चकरा मारून कांहींच कळत नाहीं. शक्य असेल तर एक दिवसासाठीं सायकल मागून घ्यावी आणि भाज्याच्या चढावर न्यावी. चढाच्या मध्यावर मुलाला विचारावें, कशी वाटते. खालीं आल्यावर विचारूं नये, कारण तेथें प्रत्येक सायकल चांगलीच वाटते. सायकल लोहगडवाडींतच ठेवावी हेंही त्याला बजावून सांगावें. लोहगड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला आहे. त्याच्या पायऱ्या चाकांसाठीं नाहींत.

एक लहान वस्तु राहिली. मागचा गिअर बदलणारें यंत्र ज्या ॲल्युमिनियमच्या बोटभर तुकड्यावर टांगलेलें असतें, त्याला हँगर म्हणतात. सायकल दगडावर पडली कीं तो वांकतो किंवा तुटतो. सांगाडा वांचावा म्हणून तो तसा मुद्दामच केलेला असतो. तो पुष्कळदां कंपनीगणिक, कित्येकदां नमुन्यागणिकही, निराळा असतो, आणि तो तुटला तर उधेवाडीहून लोणावळ्यापर्यंत सायकल हातीं धरून चालत यावें लागतें. सायकल घेते वेळींच असे दोन तुकडे मागून घ्यावेत आणि एक बैठकीखालच्या पिशवींत कायमचा ठेवावा.