गृहस्थाश्रमी उद्योजक : भवरलालजी जैन
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मोऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘भाऊ’ हे नाव नवे नाही. पलीकडच्या तीरावरून लाँच सुटते, तो धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जातो. आज मी आपणांस दुसऱ्या एका भाऊंची आठवण करून देणार आहे. ते खानदेशातले. त्यांचे सहकारी त्यांना आदराने ‘मोठे भाऊ’ म्हणत. ते म्हणजे जळगावच्या जैन उद्योगसमूहाचे संस्थापक कै. भवरलालजी हिरालालजी जैन.

भवरलालजींचा जन्म 12 डिसेंबर 1937 रोजी जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातल्या वाकोद या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांचे शिक्षण घेतल्यानंतर शासकीय सेवेचे दार त्यांच्यासाठी उघडले होते. त्या काळी ग्रामीण कुटुंबातील मुलाला अधिकारपद मिळणे ही केवढी मोठी गोष्ट! परंतु माणसांबरोबरच पशुपक्ष्यांचेही भले होईल असे काम कर, हा मातोश्रींचा उपदेश त्यांनी शिरोधार्य मानला आणि नोकरीचा मोह बाजूला सारला. कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या पोटाला चिमटा घेऊन साठवलेले सात हजार रुपये हेच त्यांचे भांडवल. 1963 साली त्यांनी रॉकेलच्या विक्रीने व्यवसायाचा श्रीगणेशा केला. सुरुवातीला हातगाडीवरून रॉकेल विकले, याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. ते सात हजार रुपये एकट्या भवरलालजींचे नव्हते. ती साऱ्या घराची पुंजी होती. तो पैसा बुडाला असता तर घरातील प्रत्येकाच्या ताटातला घास कमी झाला असता. त्यामुळे हिशेबात काटेकोरपणा, शब्दाला किंमत आणि उधळपट्टीला फाटा या गोष्टी त्यांना व्यवस्थापनाच्या पुस्तकातून शिकाव्या लागल्या नसाव्यात. घरच्या विश्वासाचे ओझे खांद्यावर घेतलेला माणूस त्या आपोआप शिकतो.

पुढे ट्रॅक्टर, बियाणे, खते अशा शेतीपयोगी वस्तूंचा व्यापार वाढत गेला. 1978 साली त्यांनी केळीची भुकटी बनविणारा एक जुना कारखाना तीस लाख रुपयांना विकत घेतला आणि तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याचा उद्योग उभारला. नंतर प्लास्टिकचे पाइप आले आणि 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आले. रोपाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देण्याचे हे तंत्र पाण्याची चणचण असलेल्या शेतकऱ्याला वरदान ठरले. ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांनी जळगावच्या केळीबागांचे रूप पालटले. 1997 साली अमेरिकेतील सिंचन क्षेत्रातला क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार त्यांना मिळाला. 2008 साली भारत सरकारने ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला.

मात्र ही केवळ यशाची गाथा नाही. 1990च्या दशकात उद्योगसमूहाने शेतीपासून दूर असलेल्या काही क्षेत्रांत पाऊल टाकले आणि मोठे नुकसान सोसले. अशा वेळी दोष परिस्थितीवर किंवा हाताखालच्या माणसांवर ढकलणे सोपे असते. भवरलालजींनी मात्र आपली चूक भागधारकांसमोर जाहीरपणे कबूल केली आणि पुन्हा आपल्या मूळ क्षेत्राकडे, म्हणजे शेतीकडे, ते वळले. पर्युषणाच्या अखेरीस आपण सारे ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ते शब्द उच्चारणे सोपे. ज्यांचा पैसा बुडाला त्यांच्यासमोर उभे राहून त्यांचा अर्थ आचरणात आणणे कठीण. घरातला कर्ता पुरुष मुलांसमोर चूक मान्य करतो, तेव्हा त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, वाढते. भवरलालजींनी हाच घरचा नियम पेढीला लावला, असे मला वाटते.

आता त्यांच्या गृहस्थाश्रमाविषयी. त्यांच्या धर्मपत्नी कांताबाई यांचे 2005 साली निधन झाले. पुढे भवरलालजींनी आपल्या सहजीवनावर ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. उद्योगपतीचे आत्मकथन म्हटले की उलाढालीचे आकडे आणि पुरस्कारांची यादी आपण गृहीत धरतो. या उद्योजकाने मात्र लेखणी उचलली ती पत्नीचे ऋण मांडण्यासाठी. जळगावजवळ गिरणा नदीवरील बंधाऱ्यालाही ‘कांताई’ हेच नाव आहे. अशोक, अनिल, अजित आणि अतुल हे चारही सुपुत्र पित्याच्या उद्योगात सहभागी झाले. जळगावचे गांधीतीर्थ आणि अनुभूती शाळा यांतून त्यांची सामाजिक दृष्टी दिसते. 25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

हे सारे सांगताना एक विचार माझ्या मनातून जात नाही. ते पुस्तक कांताबाईंच्या पश्चात लिहिले गेले. ज्यांच्याविषयी ते लिहिले, त्या ते वाचू शकल्या नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे घर सोडतात, ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच अडली तर रात्री उशिरा परततात. मुले तोवर झोपलेली असतात. ‘हे सारे घरासाठीच तर करतो’ असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. पण घराला ते कधी ऐकू येते का? दुकानाच्या वहीत प्रत्येक देणेकऱ्याचे खाते असते. घरच्या ऋणाचे खाते मात्र कोरेच राहते.

या संस्थेची पन्नास वर्षेही अशाच न नोंदलेल्या ऋणांवर उभी आहेत. स्मरणिकेत विश्वस्तांची नावे छापली जातील आणि ते योग्यच आहे. परंतु ते सभेला जाऊ शकले, कारण घरी कोणीतरी दिवा लावून वाट पाहत होते. त्या सर्व माता-भगिनींचे आज या व्यासपीठावरून मी कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो.

मोठ्या भाऊंच्या चरित्रातून आपण फक्त एवढे जरी घरी नेले, की चूक झाली तर ती वेळेवर मान्य करावी आणि ऋण असेल तर ते समोरचा ऐकू शकतो तोवर बोलून दाखवावे, तरी हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी मानीन.