जागल्या

परवा सेनगावात आमच्या घरी पुतण्याने लॅपटॉपवर 'ऑफिशियल सिक्रेट्स' हा २०१९ सालचा इंग्रजी चित्रपट लावला. गोष्ट खरी आहे. कॅथरिन गन ही ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेतली भाषांतरकार. २००३ साली, इराक युद्धाच्या तोंडावर, तिच्या हाती एक ई-मेल पडतो. सुरक्षा परिषदेतल्या काही देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला अमेरिकेने मदत मागितलेली असते. ती तो बाहेर देते, वर्तमानपत्र छापते. तिची नोकरी जाते, खटला होतो. २००४ मध्ये सरकार पक्ष पुरावाच मांडत नाही आणि ती सुटते. युद्ध मात्र टळत नाही.

मला आपले विजय पांढरे आठवले. जलसंपदा खात्यात मुख्य अभियंता असतानाच, २०१२ साली, त्यांनी थेट सरकारला पत्र लिहून सिंचन प्रकल्पांचा फुगलेला खर्च आणि निकृष्ट कामे यांवर बोट ठेवले. त्याच वर्षी सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सिंचनाचा अनुशेष सोसणाऱ्या आमच्या हिंगोली जिल्ह्याला त्या पत्राचे मोल वेगळे सांगायला नको.

मीही सरकारी नोकरीत होतो. एका मातीच्या बांधाची मोजमाप पुस्तिका माझ्यापुढे आली. कागदावर होती तेवढी माती बांधावर नव्हती. हे गुपित नव्हते, सगळ्या कचेरीला ठाऊक होते. घरात मुलीचे लग्न ठरले होते. मी सही केली. पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला आणि खालच्या शेतातली काळी माती वाहून गेली. तो शेतकरी आजही भेटला की रामराम घालतो. त्याला माझी सही माहीत नाही.

अशा बोलणाऱ्या माणसाला मराठीत छान शब्द आहे, जागल्या. रात्री गावाची राखण करणारा. त्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. म्हणून भीती खोटी नाही. पण जुन्या काळी जागल्याने हाळी दिली की गाव काठ्या घेऊन उठायचे. एकट्या जागल्याने चोर पकडला, असे कधी झाले नाही.

मी हाळी दिली नाही. आता त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन हे सांगणार आहे. तुमच्या गावात कुणी हाळी देईल, तेव्हा तुम्ही तरी दार उघडा.